८५ एमएमचा फोकस: +७ वरून +४ वर

माझ्या डीएसएलआर कॅमेऱ्यात ८५ एमएम लेन्सचा ऑटोफोकस (एएफ) किंचित पुढे-मागे सरकवायची एक सेटिंग आहे; आकडा वाढवला की फोकस मागे जातो. तिच्यासाठी मागच्या रविवारी ठरवलेला +७ हा आकडा आज वहीतून खोडला. त्या सेटिंगवर काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये पापण्या मऊ आणि कानामागचे केस एकेक मोजता येतील इतके शार्प होते. फ्रंट फोकस, म्हणजे हव्या जागेच्या अलीकडेच फोकस बसणं, घालवताना मी फोकस थेट मागे ढकलला होता.

चूक टार्गेटची. ४५ अंशांत तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीवरच मी फोकस करत होतो. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा एएफ सेन्सरचा खरा टापू मोठा असतो. त्यामुळे कॅमेरा ० ची रेघ सोडून अलीकडचे ठळक आकडे पकडायचा, आणि मी ते लेन्सच्या खात्यावर मांडून आकडा वाढवत गेलो.

आज काळ्या-पांढऱ्या चौकटींचं सपाट कार्ड फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरला समांतर लावलं, तिरपी पट्टी फक्त शेजारी, तिचा ० कार्डाच्या पातळीत. समांतर आहे का हे पाहायला कार्डाच्या मध्यावर छोटा आरसा चिकटवला. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध लेन्सचंच प्रतिबिंब येईपर्यंत ट्रायपॉड हलवत राहिलो, अर्धा तास त्यातच गेला. पण खरं मोजमाप तिथेच होतं. अंतर अडीच मीटर, कारण माझी बहुतेक पोर्ट्रेट तिथूनच होतात. एफ १.८ (लेन्सचं छिद्र मोठं उघडं), मधला फोकस पॉइंट, मिरर अप (हादरा टाळायला कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर).

आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून, एक फोटो घेतला. तिथे फोकस थेट मुख्य सेन्सरवर तपासला जातो, म्हणून तुलनेला तोच धरला. डीएसएलआरचा नेहमीचा एएफ सेन्सर कॅमेऱ्यातल्या आरशाखाली तळाशी असतो. तिथवरचं अंतर आणि मुख्य सेन्सरपर्यंतचं अंतर किंचित जरी वेगळं पडलं, तरी हा सगळा खटाटोप करावा लागतो.

मग प्रत्येक आकड्याला १० फोटो, दर वेळी लेन्स आधी अनंताकडे नाहीतर अगदी जवळच्या टोकाला फिरवून. +४ ला ७ फोटो लाइव्ह व्ह्यूच्या तोडीचे, २ किंचित पुढे, १ मागे. +७ ला बहुतेक मागेच. एकाच सेटिंगवर एवढी फेकाफेक होते, त्यामुळे एका फोटोवरून आकडा ठरवणाऱ्या मित्रांना कळकळीने सांगतो, किमान ८-१० तरी काढा.

रात्री पिवळ्या बल्बखाली +४ चा निकाल थोडा पुढे सरकला. प्रकाशाचा रंग बदलला की फेज डिटेक्ट (त्या एएफ सेन्सरची फोकस शोधायची पद्धत) थोडं हलतं, म्हणून आकडा दिवसाच्या उजेडातलाच ठेवला.

आता २४-७० एमएम झूम लेन्स. माझ्या कॅमेऱ्यात त्याला एकच आकडा देता येतो, तेव्हा ७० च्या टोकाला बसवून २४ ला किती बिघडतं ते पाहणार.