सरांची रबरी नळी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागणारं पत्र आलं. स्नेहसंमेलनं, क्रीडांगण, निकालाचे फलक यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी फक्त भौतिकशास्त्राच्या सरांबद्दल लिहिते आहे, त्यातही त्यांच्या एकाच प्रयोगाबद्दल. इतर शिक्षकांनी रागावू नये.

आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं कसं, हा त्या प्रयोगाचा विषय. साहित्य प्रयोगशाळेत शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल: मीटरभर रबरी नळी, बरोबर मध्यावर शाईची खूण, तिच्या दोन्ही अंगांना सेंटिमीटरच्या रेघा, आणि एक पेन्सिल. नळीची टोकं दोन कानांशी अलगद धरायची. नळी पाठीमागे टेबलावर, पण खाली घडी घातलेला टॉवेल हवाच. टॉवेल नसला तर टिचकीचा आवाज लाकडातून खोलीभर जातो आणि मुलगा नळीऐवजी टेबलच ऐकतो.

मध्यावर टिचकी मारली की आवाज डोक्याच्या मधोमध वाटतो. टिचकी १ सेंटिमीटर उजवीकडे सरकवली की उजवी वाट १ सेंटिमीटरने कमी होते, डावी तेवढीच वाढते, म्हणजे फरक २ सेंटिमीटरचा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर उजव्या कानाला आवाज सुमारे ५८ मायक्रोसेकंद आधी मिळतो, आणि मुलगा बिनचूक ‘उजवा’ म्हणतो. सरावलेल्या कानाला १० मायक्रोसेकंदांचासुद्धा फरक कळतो. नळीवर ते अंतर जेमतेम २ मिलिमीटर भरतं. मज्जातंतूतला एक विद्युत्‌ स्पंद साधारण १ मिलिसेकंद टिकतो. त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकी वेळ मेंदू मोजतो, हे सर फळ्यावर लिहून काही क्षण गप्प उभे राहत.

‘मध्ये’ हे उत्तर त्यांच्याकडे चालत नसे. डावा किंवा उजवा, एवढंच. खात्री नसलेला मुलगा ‘मध्ये’च्या आड लपतो आणि कानाची खरी मर्यादा कधी समजत नाही, असं त्यांचं म्हणणं. अंदाजाने ठोकून दिलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात, म्हणून प्रत्येक रेघेवर किमान दहा टिचक्या, त्याही क्रम मोडून आणि सारख्याच जोराने. उत्तरं सतत एकाच बाजूला झुकली तर नळीची टोकं अदलाबदल करायची. झुकाव टोकाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष नळीत. त्याच बाजूला राहिला तर कान पाहायचा, बहुतेक वेळा मळ निघतो. हल्लीच्या प्रात्यक्षिक वहीत निरीक्षणांचा तक्ता आहे, ही अदलाबदल नाही.

मग आकडेमोड. आवाज अगदी बाजूने आला तर दोन कानांत जास्तीत जास्त किती फरक पडेल? सगळे दोन कानांमधलं १७.५ सेंटिमीटर अंतर घेऊन भागाकार करत आणि ०.५१ मिलिसेकंद काढत. सर ते खोडत. आवाज डोक्यातून आरपार जात नाही, वळसा घालून जातो. त्रिज्या ८.७५ सेंटिमीटर घेऊन तेवढी सरळ वाट आणि पुढे वळशाचा पाव वर्तुळाचा कंस धरला की वाट साडेबावीस सेंटिमीटर होते आणि उत्तर सुमारे ०.६५ मिलिसेकंद येतं.

वेळेचं हे गणित खालच्या वारंवारतांना लागू पडतं. साधारण १५०० हर्ट्झच्या वर लाटा इतक्या जवळजवळ येतात की उजव्या कानातली कोणती लाट डाव्या कानातल्या कोणत्या लाटेची जोडीदार, हे ठरत नाही. तिथे डोक्याची सावली उपयोगी पडते. ५०० हर्ट्झची लाट सुमारे ६९ सेंटिमीटर लांब, ती डोक्याला वळसा घालून जाते. ६००० हर्ट्झची पावणेसहा सेंटिमीटर, ती अडते, आणि पलीकडच्या कानात आवाज २० डेसिबलपर्यंत क्षीण होऊ शकतो. ही दुहेरी मांडणी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केली. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात या दोन कामांसाठी दोन शेजारी केंद्रं आहेत, आतलं मुख्यतः वेळेसाठी, बाहेरचं मुख्यतः तीव्रतेसाठी.

पण नाकासमोर, डोक्यावर आणि मानेमागे वाजलेल्या आवाजात वेळेचा फरक शून्य, तीव्रतेचाही शून्य. सर मुलाचे डोळे बांधून खुर्चीत बसवत, डोकं स्थिर ठेवायला लावत आणि या तिन्ही जागी दोन नाणी एकमेकांवर वाजवत. इथे कानाच्या पाळीच्या घड्या मदत करतात: आवाज कोणत्या उंचीवरून आला त्याप्रमाणे त्या वरच्या वारंवारतांतला काही भाग खोडतात. त्या घड्या मातीने भरल्या (कानाच्या भोकात माती अजिबात जाऊ द्यायची नाही) की खालचं-वरचं कळेनासं होतं, डावं-उजवं मात्र बऱ्यापैकी टिकतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात लोकांनी अशा घड्या भरणारे साचे कानांत सतत घातले. काही आठवड्यांत मेंदू नवे कान शिकला, आणि साचे काढल्यावर जुनेही विसरला नव्हता. डोकं किंचित वळवायची मुभा दिली की मात्र पुढचं-मागचं कोडं लगेच सुटतं.

जिन्याखालच्या घंटेचा प्रश्नही त्यांचाच. व्हरांड्याच्या भिंतींवरून आवाज पुन्हा पुन्हा आदळतो, तरी बोट घंटेकडेच का जातं? कारण मेंदू दिशा पहिल्या पोहोचलेल्या लाटेवरून ठरवतो आणि पाठोपाठ आलेल्या प्रतिध्वनींचा त्या निर्णयात फारसा विचार करत नाही. बोलण्याच्या बाबतीत ही मुदत तीसेक मिलिसेकंदांपर्यंत जाते. त्यापुढे वेगळा प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो.

आज मी श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करते आणि रोज याच गोष्टींशी गाठ पडते. मायक्रोफोन कानामागे असला की पाळीच्या खुणा हरवतात आणि पुढचं-मागचं चुकतं. दोन यंत्रं आपापल्या हिशेबाने आवाज दाबू लागली की सावलीचा फरक पुसट होतो. यंत्राला आवाजावर प्रक्रिया करायला काही मिलिसेकंद लागतात. दोन्हीकडे सारखाच उशीर झाला तर बिघडत नाही, पण यंत्र एकाच कानाला असेल तर तो उशीर ०.६५ मिलिसेकंदांच्या कितीतरी पुढे जातो. ‘ऐकू छान येतं, पण हाक कुठून आली ते कळत नाही,’ ही तक्रार त्यातूनही येते.

आता प्रयोगशाळेत हा भाग पडद्यावर दाखवतात असं कळलं. पुढे ठेवलेल्या दोन स्पीकरांतून मागचा आवाज नीट दाखवता येत नाही, आणि पाहणाऱ्याचे डोळे उघडे असले की कान डोळ्यांचं ऐकतात. नळी नवी घ्यायची झाल्यास भिंत जाड आणि आतलं भोक ६ ते ८ मिलिमीटर असावं. पातळ नळी वाकवताना चिमटते आणि एका बाजूचा आवाज मरतो. मध्याची खूण टेपने मोजून करावी, नळी दुमडून नव्हे. रबर ताणलं की दोन भाग सारखे राहत नाहीत.