काडी किती आत घालायची?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका ताईंनी विचारलं की ते घरी करायचं कोविडचं किट अजून मेडिकलमध्ये मिळतं का, घरात सगळ्यांना खोकला आहे. लगेच एका काकांचं उत्तर, "काही उपयोग नाही त्याचा, आपल्याला कुठे स्वॅब घेता येतो, लॅबवालेच पाहिजेत." वर चार अंगठे. मी गप्प बसले कारण ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा इथे लिहिलेलं बरं, आणि ते जे लॅबवाले म्हणतायत ना ते म्हणजे मीच. कोविडच्या दोन्ही वर्षांत पुण्यातल्या एका खासगी लॅबसाठी मी घरोघरी जाऊन लोकांच्या नाकात काड्या घातल्यात.

तर काकांचं अर्धं बरोबर आहे. आम्ही जो स्वॅब घ्यायचो तो पार नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागापर्यंत जायचा. त्यासाठी काडी वर नाही, जमिनीला समांतर आडवी सरकवायची असते. लोकांना वाटतं नाकाची वाट वर डोळ्यांकडे जाते, त्यामुळे स्वतः करायला गेले की काडी वर खुपसतात, डोळ्यात पाणी येतं आणि नमुना मात्र येत नाही. हा स्वॅब घरी कुणी स्वतःचा स्वतः घेऊ नये, मान्य. पण घरच्या किटमध्ये इतकं आत जायचंच नसतं हो! तो स्वॅब नाकाच्या पुढच्या भागातला असतो, आणि आतली भिंत चोळून घ्यायचा असतो. हे शाळेतलं पोरगंसुद्धा करतं.

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 2020 च्या सुरुवातीला सुमारे 500 पेशंटवर अभ्यास झाला होता. प्रत्येकाने आधी स्वतःच्या हाताने जिभेवरून, नाकाच्या पुढच्या भागातून आणि थोडं आतून स्वॅब घेतला आणि मग नर्सने तो खोलवरचा घेतला. नर्सच्या स्वॅबमध्ये जे पॉझिटिव्ह निघाले त्यातले साधारण 94 टक्के लोक त्यांच्या स्वतःच्या नाकाच्या स्वॅबमध्येही पॉझिटिव्ह आले, थोडं आतून घेतलेल्यात 96, जिभेच्या स्वॅबमध्ये जवळजवळ 90. त्यात पॉझिटिव्ह आलेले पेशंट पन्नासच्या आसपास होते, म्हणजे फार मोठा आकडा नाही, पण दिशा स्पष्ट होती आणि तिथल्या एफडीएने (औषधं आणि टेस्टना परवानगी देणारं सरकारी खातं) मार्चमध्येच पेशंटला स्वतः स्वॅब घ्यायची मुभा दिली. सिएटलमध्ये तर कोविडच्या आधीपासून, 2018 पासून, फ्लूचा एक मोठा अभ्यास चालू होता, लोक घरीच नाकातून स्वॅब घेऊन परत पाठवायचे. त्याच अभ्यासाच्या नमुन्यांत शोधताना फेब्रुवारी 2020 मध्ये कोविडची एक अशी केस सापडली की जिचा परदेश प्रवासाशी काही संबंध नव्हता, म्हणजे व्हायरस आधीच गावात फिरत होता.

स्वतः स्वॅब घेण्याचा मोठा फायदा पेशंटपेक्षा आम्हाला होता, हे कुणी बोलत नाही. खोलवर काडी गेली की माणूस शिंकतो किंवा खोकतो, आणि तो कुठे शिंकतो, तर समोर उभ्या असलेल्या माझ्या तोंडावर. मे महिन्यात पीपीई किट घालून, चष्म्यावर वाफ, हातमोज्यात घामाचं पाणी, आणि त्यात एखादे आजोबा हात धरून ठेवायचे, "हळू गं बाई." पेशंटने दाराच्या आत स्वतःच्या हाताने स्वॅब घेऊन ट्यूबमध्ये टाकला असता तर मला ते कातडं पांघरायची गरजच नव्हती.

आपल्याकडे हा विचार झाला नाही असं नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने 2021 मध्ये गुळण्यांची पद्धत काढली, आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, ती मान्यही केली. ट्यूबमधल्या सलाइनने 15 सेकंद गुळणी करायची, तोंडात खळखळवायचं आणि परत त्याच ट्यूबमध्ये थुंकायचं, पुढे लॅबमध्ये आरटीपीसीआर. ना काडी, ना डोळ्यात पाणी. मला विचाराल तर खेड्यापाड्यांसाठी यापेक्षा सोपं काही नव्हतं, आणि ती पद्धत आणखी पसरायला हवी होती.

घरच्या अँटीजन किटमध्ये पुण्याचं नाव पहिलं. मायलॅबच्या कोविसेल्फला आयसीएमआरने मे 2021 मध्ये परवानगी दिली, देशातलं पहिलंच, तेव्हा किंमत 250 रुपये. (याच कंपनीचं आरटीपीसीआर किट मार्च 2020 मध्ये आलं होतं, त्या टीमच्या प्रमुख मीनल दाखवे भोसले यांनी किट पुण्यातल्या एनआयव्ही या विषाणू संस्थेकडे तपासायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. ही गोष्ट मी अजून सगळ्यांना सांगते.)

आता किट वापरताना लोक जे करतात ते बघून डोक्याला हात लावावासा वाटतो. काडी नाकात घातली, टेकवली, काढली, झालं. अहो, फिरवायची असते, पाच वेळा, आतल्या भिंतीला घासून, आणि मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत. नाक गच्च भरलं असेल तर आधी शिंकरून घ्या, कारण नुसता शेंबूड नको असतो, भिंतीवरून खरवडून आलेलं हवं असतं. मग काडी ट्यूबमधल्या द्रावात घालून ट्यूब बोटांनी दाबत नीट घुसळायची, कार्डावर दोन थेंब टाकायचे आणि 15 मिनिटं थांबायचं. कार्डावरची टीची (टेस्टची) रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच. पण अर्ध्या तासाने कचऱ्यातून कार्ड काढून "आता बारीक रेघ दिसतेय" असं म्हणत मला फोटो पाठवू नका, 20 मिनिटांनंतरचं वाचन धरायचं नसतं.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. कार्डावरची सीची (कंट्रोलची) रेघ आली म्हणजे टेस्ट बरोबर झाली असं सगळे धरतात. ती रेघ फक्त एवढंच सांगते की पट्टीवरून पाणी नीट वाहिलं. तुम्ही काडी नाकात घातलीच नाही आणि नुसती ट्यूबमध्ये बुडवली तरी बहुतेक किटवर सी येणारच! लॅबमधल्या आरटीपीसीआरमध्ये व्हायरसबरोबर बऱ्याचदा माणसाचा एक जीन पण तपासतात, तो नाही सापडला तर कळतं की काडीवर माणसाच्या पेशीच नाहीत, नमुना परत घ्या. घरच्या पट्टीला ती अक्कल नाही. म्हणून काडी नीट फिरवायची जबाबदारी पूर्ण आपली.

बाकी खोलीपेक्षा दिवस जास्त महत्त्वाचा. अँटीजन टेस्ट व्हायरसचं प्रोटीन शोधते, पीसीआरसारखं एकाचं लाखो करून बघत नाही, त्यामुळे व्हायरस कमी असताना ती बऱ्याचदा चुकते. घसा खवखवायला लागला त्या संध्याकाळी निगेटिव्ह आणि दोन दिवसांनी ठळक पॉझिटिव्ह, हे ओमायक्रॉनमध्ये घरोघरी बघितलंय. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्पष्टच सांगितलं की लक्षणं असतील आणि निगेटिव्ह आली तर 48 तासांनी परत करा, लक्षणं नसतील तर एकूण तीनदा. आयसीएमआरचा नियम तर पहिल्या दिवसापासून होता, पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, लक्षणं असून निगेटिव्ह असेल तर आरटीपीसीआर करा. पण निगेटिव्ह कार्डाचा फोटो टाकून लोक थेट हळदीला गेले. किटच्या ॲपवर रिझल्ट टाकायचा होता तोही अनेकांनी टाकला नाही. जानेवारी 2022 मध्ये मुंबई महापालिकेने किटच्या विक्रीची नोंद ठेवायला लावली ती उगाच नाही.

फ्लूसाठी असं काही असावं असं मला फार वाटतं. पुण्यातल्या लोकांना 2009 चा ऑगस्ट आठवत असेल, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथे झाला आणि मग नायडू हॉस्पिटलबाहेर ती रांग, आजारी आणि नुसते घाबरलेले सगळे एकत्र उभे, तोंडाला रुमाल. यातल्या अर्ध्यांना घरी काडी देता आली असती तर! फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो, म्हणजे लवकर कळण्याला किंमत आहे (अर्थात तब्येत नाजूक असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाटही बघत नाहीत, आणि बघूही नये). अमेरिकेत फेब्रुवारी 2023 मध्ये कोविड आणि फ्लू एकाच काडीवर घरी तपासायच्या टेस्टला पहिली परवानगी मिळाली, लुसिरा कंपनीची, आणि गंमत बघा, परवानगीच्या दोनच दिवस आधी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती.

ग्रुपवरच्या ताईंसाठी उत्तर: किट घेणार असाल तर आधी एक्स्पायरी बघा आणि घरात 30 डिग्रीच्या आत राहील असं ठेवा, ॲक्टिव्हाच्या डिकीत नको. घरात कुणाला दम लागत असेल तर मात्र किटबिट राहू द्या, सरळ डॉक्टरकडे न्या.