इटलीत भात मिळतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गावी गेले की हा प्रश्न ठरलेलाच: "तिकडे भात मिळतो का गं, की नुसता पास्ता?" आणि मी राहते उत्तर इटलीतल्या वेर्चेल्लीत! युरोपियन युनियनमधला निम्मा तांदूळ एकटी इटली पिकवते, त्यातला बराचसा वेर्चेल्ली, नोव्हारा आणि पाविया या तीन लगतच्या जिल्ह्यांत. दुकानातल्या तांदळाच्या पाकिटावर 'अर्बोरियो' असं लिहिलेलं असतं ना, ते अर्बोरियो गाव आमच्याच जिल्ह्यातलं.

जिल्हा लहान, वस्ती दोन लाखांनाही पुरत नाही आणि तीही घटतेय. उत्तरेला सेझिया नदीचं खोरं चढत चढत मोन्ते रोझाच्या साडेचार हजार मीटर उंच शिखरांना भिडतं. तिकडे लोकरीच्या गिरण्या, नळ-तोट्यांचे कारखाने. खाली मात्र नुसती खाचरं. त्यांचं पाणी आल्प्सच्या बर्फाचं. पो नदीतून निघणारा सुमारे 85 किलोमीटरचा कावूर कालवा 1863 ते 1866 एवढ्यात खणून झाला. मेमध्ये खाचरं तुडुंब भरतात, कारण रात्री गारवा असतो आणि पाण्याखाली रोपं उबेत राहतात. डासांबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही, विचारायला हवं.

आपल्यासारखी आवणी आता इथे नाही. लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर पाण्यातच बी फेकत जातो. पूर्वी मात्र बेणणीला 'मोंदीने' यायच्या, बाहेरगावच्या मजूर बायका. गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून काम. 1906 साली वेर्चेल्लीत याच बायकांनी लढून आठ तासांचा दिवस मिळवला. रायगडातल्या माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने आधी मजुरी किती ते विचारलं असतं. पुढे तणनाशकं आली आणि मोंदीनेंचं येणं थांबलं.

हा तांदूळ वरणाखाली चालत नाही, गिचका होतो. रिझोत्तोला, म्हणजे इथल्या मऊसर भाताला, तोच गिचका हवा असतो, म्हणून इथे तांदूळ धुतलेला पाहिला की सासूबाई ओरडतात. वरणभातासाठी मी इथेच पिकलेला लांब दाण्याचा इंडिका घेते.

2022 च्या दुष्काळाने सगळ्यांचे डोळे उघडले. डोंगरावर बर्फ फारच कमी पडला होता. आता बरेच शेतकरी कोरड्यातच पेरतात आणि पाणी नंतर सोडतात. पण मग जूनमध्ये सगळ्यांना एकदमच पाणी हवं असतं, आणि मेमध्ये खाचरांतून जमिनीत मुरायचं ते मुरतच नाही. कालव्याच्या पाण्यावरून हल्ली शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाजतंय ते यामुळेच.