फरशी मोजून भिंती रंगवणार?

"१२० फुटांची खोली आहे, एक लिटर पुरेल ना?"

आज रंगाच्या दुकानात काउंटरवर ऐकलेलं वाक्य. डब्यावर लिहिलेलं होतं, लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट, दोन हात. हिशेब चोख, फक्त मोजली होती फरशी!

भिंती मोजा हो. १० बाय १२ म्हणजे घेर ४४ फूट, उंची १० धरली की ४४०. दाराचे २१, खिडकीचे १६ वजा करा, उरले ४०३. भागिले १२०, साधारण ३.४ लिटर. म्हणजे चारचा डबा. छताचा पांढरा एक लिटर वेगळा.

हा आकडा प्रायमर मारलेल्या गुळगुळीत भिंतीचा. कोरी पुट्टी रंग अक्षरशः पिते, रोलर दोन फूट सरकला की कोरडा. गडद भिंतीवर फिका रंग चढवायचा तर तिसरा हात आलाच.

'कमी पडला तर आणू' हे सगळ्यात महागात पडतं. मशीनवर पुन्हा काढलेली शेड किंचित हलू शकते, आणि जोड नेमका भिंतीच्या मधोमध, तिरप्या उन्हात दिसतो. दोन डबे असतील तर आधी एका बादलीत एकत्र करून घ्या.

तुमचा पेंटर टेप लावतो की नजरेनेच सांगतो?