टीआरबी २०१९ : बर्फ, बंद सरकार आणि दोन रिकाम्या खुर्च्या

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. अमेरिकी सरकारची माणसं भेटतील म्हणून टीआरबीच्या वाहतूक-संशोधन अधिवेशनाला जाणार असाल, तर कार्यक्रमपत्रिकेतली नावं वाचून विमानाचं तिकीट काढू नका. मी काढलं. ज्या दोन अधिकाऱ्यांसाठी मुंबईहून अख्खा दिवस प्रवास करून गेलो, त्यांच्यापैकी एकही आला नाही.

टीआरबी म्हणजे ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्ड, १९२० साली सुरू झालेली संस्था. दर जानेवारीत वॉशिंग्टनला तिचं अधिवेशन भरतं आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं जमतात. एरवी संशोधन परिषदेत प्राध्यापकच प्राध्यापकांना ऐकवत बसतात. इथे मात्र रस्ते बांधणारी राज्य सरकारं आणि पैसा देणारं संघीय सरकार समोर बसलेलं असतं, म्हणून एवढा खर्च करायचा. २०१९चं अधिवेशन ९८वं, १३ ते १७ जानेवारी. आणि २२ डिसेंबरपासून तिथलं संघीय सरकार बंद! मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून राष्ट्राध्यक्ष आणि संसदेचं भांडण, खर्चाला मंजुरी नाही म्हणून बरीच कार्यालयं बंद, यालाच शटडाउन म्हणतात. मी उतरलो त्या १२ जानेवारीला हे शटडाउन तोवरच्या इतिहासातलं सर्वांत लांबलेलं ठरलं.

निघण्याआधी तीन वाऱ्या केलेल्या एका मित्राला विचारलं होतं. तो म्हणाला, "अरे, नाटक असतं ते. परिषदेला सगळे येतात." मीही समजलो, आपल्याकडच्या संपासारखं असेल, दार बंद, पण ओळखीचा माणूस चहाला भेटतोच. मित्रा, तू हे वाचत असशील तर एक जेवण तुझ्याकडे बाकी आहे.

वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर उतरलो तेव्हा बर्फ सुरू झाला होता. बाहेर रांग सोडून उभा असलेला एक टॅक्सीवाला शहरात न्यायचे १३० डॉलर मागत होता, कारण काय तर बर्फ. मीटर लावणार का विचारलं तर हसला. तिथून सरळ आत वळलो आणि बस शोधली. विमानतळापर्यंत मेट्रो तेव्हा नव्हती, ती २०२२ साली आली; बस पाच डॉलरमध्ये वीली-रेस्टन ईस्ट मेट्रो स्टेशनला सोडायची. तिथे दोन डॉलरचं स्मारट्रिप हे मेट्रोचं कार्ड घेतलं, त्यात पैसे भरले, सिल्व्हर लाइनने लाँफाँ प्लाझा, मग ग्रीन लाइनने माउंट व्हर्नन स्क्वेअर. स्टेशनातून वर आलात की कन्व्हेन्शन सेंटर समोरच. वेळ दुप्पट लागला, बॅग ओढून खांदे भरून आले, पण शंभरावर डॉलर खिशात राहिले. तिकिटात फार फरक नसेल तर रेगन विमानतळच घ्या. तिथून यलो लाइन थेट येते, हा द्राविडी प्राणायाम करावाच लागत नाही.

रविवारभर बर्फ पडला, सुमारे दहा इंच. सोमवारसाठी हवामानामुळे संघीय कार्यालयांना सुट्टी जाहीर झाली. तीन आठवडे बंद असलेल्या कार्यालयांना सुट्टी! न्याहारीच्या टेबलावर सगळे हसत होते. मीही हसलो, कारण माझं सत्र मंगळवारी होतं.

मंगळवारी मंचावर पाच खुर्च्या, माणसं तीन. अध्यक्षांनी दोन नावं वाचली, "ते आज आपल्यात असू शकत नाहीत" असं श्रद्धांजली वाहिल्यासारखं म्हणाले आणि पुढे सरकले. खातं कोणतं ते लिहीत नाही. त्या दोघांची काही चूक नव्हती आणि आयोजकांचीही नव्हती. बसथांब्यापर्यंत चालत येणाऱ्यांची मोजणी कशी करायची, यावर त्या दोघांचं नवं काम मांडलं जाणार होतं. आमच्या प्रकल्पाचं घोडं नेमकं तिथेच अडलंय. पाऊण तासात सत्र आटोपलं. मी शेवटच्या रांगेत बसून रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढला, तो बॉसला पाठवला आणि लगेच पस्तावलो.

नंतर शेजारच्या बाईंना विचारलं की माणसं याच शहरात राहतात, सक्तीच्या रजेवर आहेत, घरी बसलेत. मग स्वतःच्या पैशाने मेट्रोत बसून यायला काय हरकत? त्या एका राज्याच्या वाहतूक विभागातल्या. त्यांनी जे सांगितलं ते मला घर सोडण्यापूर्वी कळायला हवं होतं. अमेरिकेत अँटीडेफिशियन्सी अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे. संसदेने पैसा मंजूर केला नसेल तर जीव-मालमत्तेच्या सुरक्षेसारखे अपवाद सोडता कर्मचाऱ्याने फुकटही काम करायचं नाही. फुकट सेवेवरची ही बंदी १८८४ पासूनची. खात्याच्या वतीने भाषण हे कामच, आणि ईमेलला उत्तर देणं हेही कामच. म्हणजे तो माणूस हौसेने आला असता तरी खात्याचं नाव लावून तोंड उघडू शकला नसता.

यातही गंमत अशी की सगळं सरकार सारखं बंद नव्हतं. महामार्गांचं खातं, एफएचडब्ल्यूए, इंधनकरातून भरणाऱ्या हायवे ट्रस्ट फंडावर चालतं, त्यामुळे ते चालू. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीचं बहुतेक काम ठप्प. वाहतूकमंत्री एलेन चाओ मात्र सोमवारी आल्या आणि ड्रोन रात्री व माणसांच्या डोक्यावरून उडवू देण्याच्या प्रस्तावित नियमांची घोषणा करून गेल्या. मंत्री हजर, मोजणी करणारे गैरहजर. तुम्हाला ज्याच्याशी काम आहे त्याचा पगार कोणत्या तिजोरीतून निघतो, हे शोधूनच तिकीट काढा. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. डिसेंबरमध्येही खर्चाची विधेयकं लोंबकळत असतील तर सावध व्हा.

मग पैसे वसूल कुठे झाले? समित्यांच्या बैठकांत. टीआरबीच्या तेव्हा दोनेकशे स्थायी समित्या होत्या आणि त्यांच्या बहुतेक बैठकांना कोणीही जाऊन बसू शकतं. पत्रिकेत त्या बारीक अक्षरात असतात, म्हणून नवखे चुकवतात. राज्यांच्या विभागांतली माणसं तिथे सापडतात. संघीय शटडाउनने त्यांचा पगार थांबत नाही, आणि १९६२ पासून चालणाऱ्या एनसीएचआरपी या महामार्ग-संशोधन कार्यक्रमात कुठल्या प्रश्नावर संशोधन करायचं हे राज्यंच ठरवतात. बैठक संपल्यावर दारात उभं राहा, मोठ्या भाषणांना दांडी मारा. त्या बाईही मला अशाच एका बैठकीत पुन्हा भेटल्या.

बूट. इमारत तेवीस लाख चौरस फुटांची आहे, मधून शहराचे रस्ते जातात. दोन सत्रांत वेळ थोडाच मिळतो आणि खोली नेमकी दुसऱ्या टोकाला, दोन जिने खाली. चकचकीत फॉर्मल बूट घालून मी सोमवारीच लंगडायला लागलो. बर्फात चालतील असे जाड तळव्यांचे बूट घाला, तिथे खाली कोणी बघत नाही. पोस्टरची नळी प्लॅस्टिकची घ्या; माझी पुठ्ठ्याची होती, तिचा लगदा झाला. खाणं बाहेरून आणा. आतल्या एका स्टॉलवरच्या सँडविचचे पैसे देताना मला तो टॅक्सीवाला आठवला.

बुधवार छान गेला. गुरुवारी विमान-संग्रहालय बघायचं ठरवलं होतं, पण ते ज्या स्मिथसोनियन संस्थेचं, तिची सगळी संग्रहालयं शटडाउनमुळे २ जानेवारीपासून बंद. परतताना सुरक्षा तपासणीतला माणूस बिनपगारी माझी बॅग उघडत होता. ओल्या नळीकडे बघून तो काही बोलला नाही, मीही नाही.

शटडाउन पस्तीस दिवसांनी, २५ तारखेला संपलं. मी हॉटेलातून त्या दोघांपैकी एकाला ईमेल केली होती आणि "रजेवर आहे, उत्तर देता येणार नाही" असं यांत्रिक उत्तर आलं होतं. सोमवारी, २८ तारखेला, त्याचं खरं उत्तर आलं. चार ओळींत माफी, सोबत पूर्ण सादरीकरण, बावीस स्लाइड. मला हवी होती ती आकृती अकराव्या स्लाइडवर होती. पुढच्या वर्षी आधी ईमेल टाकणार आहे, ऑक्टोबरच्या आधी.