तुम्ही विचारलंत म्हणून: बेल्ट असतो, मग लावत का नाहीत?

लग्नात, बारशाला, नाहीतर इथे बडोद्यात दांडिया बाजारात भाजी घेताना, ओळखीचं कोणी भेटलं की प्रश्न ठरलेला. "तू साइटवर ते सेफ्टीचं बघतेस ना? मग ही माणसं बेल्ट का लावत नाहीत गं? कंपनी फुकट देते, तरी नुसता पाठीवर मिरवतात." गेल्या महिन्यात हेच मावसभावाने विचारलं. हायवेवरून येताना त्याने पुलाच्या खांबावर एक माणूस पाहिला होता. अंगात बेल्ट, आणि हुक मागे शेपटासारखा लोंबत होता. पंगतीत उभ्या उभ्या मी काहीतरी उत्तर देऊन सुटले. आता जरा बसून सांगते.

त्या माणसाला हुक लावायला बहुतेक जागाच नव्हती.

आम्ही सगळे त्याला बेल्ट म्हणतो, पण तो खांद्यांवरून आणि मांड्यांमधून जाणारा पट्ट्यांचा अख्खा साज असतो. त्याला मागून दोन दोऱ्या आणि दोन हुक. एक सोडायचा तर दुसरा आधी अडकवलेला हवा. हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. पण अडकवायचा कशात? पडणाऱ्या माणसाचा हिसका मोठा असतो. म्हणून हुकाची जागा माणशी दोन टनांहून जास्त ओढ सोसेल इतकी भक्कम हवी, आणि शक्यतो डोक्याच्या वर हवी. खांबाच्या टोकावर सळ्या बांधणाऱ्याच्या डोक्यावर असतं आभाळ. आजूबाजूला उभ्या सळ्या, त्याही बारीक तारेने बांधलेल्या. तिथे आधी पोलादी दोर ताणून ठेवावा लागतो. आम्ही त्याला लाइफलाइन म्हणतो. ती ताणायचं काम बेल्टवाल्याचं नाही. ते आमचं, इंजिनिअरचं, आणि त्याच्याही आधी ज्याने कामाचा आराखडा केला त्याचं.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक मुलगा असा पडला. बेल्ट घातलेला होता, हुकही लावलेला होता, पण पायाशी, आडव्या सळीला. उंची चार मीटरच्या आसपास. सळी सुटली नाही, दोरी तुटली नाही, तरी तो जमिनीवर आदळला आणि खुब्याचं हाड मोडलं. दोरी पावणेदोन-दोन मीटरची. तिच्यात हिसका सोसायला एक शिवलेली पट्टी असते, ती उसवत उसवत आणखी मीटरभर लांबते. त्यात पाठीतल्या कडीपासून पावलापर्यंतचं अंतर धरा, शिवाय थोडी मोकळी जागा. हुक लावलेल्या जागेखाली साडेपाच मीटर तरी रिकामं हवं. चार मीटरवर तो बेल्ट म्हणजे नुसता अंगातला सदरा. तिथे कठडा हवा होता, खाली जाळी हवी होती, नाहीतर धड फळ्या टाकलेली परांची तरी.

अपघाताचा फॉर्म मी भरला. बेल्ट होता का, हो. हुक होता का, हो. प्रशिक्षण दिलं होतं का, हो, रजिस्टरात अंगठा आहे. कारणाच्या रकान्यात साहेबांनी सांगितलं ते लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. तो कागद माझ्या अक्षरात आहे.

त्या अंगठ्याविषयीही सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी गार खोलीत बसवायचं, पडद्यावर इंग्रजी स्लाइड दाखवायच्या, मधूनमधून हिंदीत बोलायचं आणि शेवटी अंगठा घ्यायचा, याला आमच्याकडे प्रशिक्षण म्हणतात. समोर बसलेले असतात दाहोदचे, झाबुआचे, ओडिशाचे, मालद्याचे. अर्ध्यांना हिंदी जेमतेम येतं. आदल्या रात्री गाडीतून उतरलेले असतात. पंख्याखाली पाच मिनिटांत डोळे मिटतात, आणि मिटणारच.

माझे आजोबा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ते सुरू केलं, आणि पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की धंद्याचं शिक्षण लोकांच्या भाषेत द्यायचं. रंगारी, सुतार, कारागीर यांच्या मुलांना त्यांच्या बोलीत. आज त्याच आवारात विद्यापीठाची इंजिनिअरिंगची शाखा आहे, आणि तिथून शिकून आलेली मुलं माझ्या साइटवर भिलीभाषक मजुरांना 'फॉल क्लिअरन्स', म्हणजे हुकाखाली किती जागा रिकामी हवी ते, इंग्रजीतून समजावतात. हसू येतं, मग येत नाही.

आता मी खोली सोडून दिली आहे. गेटपाशी पाइपाची एक घोडी उभी केली आहे. नवा माणूस आला की त्याला बेल्ट घालून जमिनीपासून वीतभर वर टांगते, दोन मिनिटं. पहिली पंधरा-वीस सेकंदं सगळे हसतात, फोटो काढतात. मग मांडीचा पट्टा काचायला लागतो, पाय जड होतात, आणि पट्टा सैल ठेवला तर नेमकं काय होतं ते त्याला कळतं, सगळ्यांना कळतं. हेही कळतं की पडल्यावर लोंबकळत राहणं म्हणजे वाचणं नव्हे, लगेच खाली उतरवायला माणूस आणि शिडी तयार लागते. दुसरं म्हणजे वाळूचं पोतं. माणसाइतक्या वजनाचं पोतं हुकाला अडकवून वरून सोडते. पट्टी उसवण्याचा तो 'टर्र' आवाज ऐकला की भाषांतराची गरज उरत नाही. मधली वाक्यं त्यांच्यातलाच कोणी जुना माणूस सांगतो. मी बाजूला उभी राहते.

ही शिकवणीही होळीला वाहून जाते. होळीला दाहोद-झाबुआची टोळी गावी जाणारच, कितीही जादा मजुरी द्या. पहिल्या पावसाला पेरणीसाठी पुन्हा जाते. परत येते तेव्हा निम्मे चेहरे नवे. साहेबलोक याला मजुरांची बेशिस्त म्हणतात. मला वाटतं, वर्षातून तीन वेळा शिकवायचं हे आधीच वेळापत्रकात धरलं तर भांडणच नाही. मुहूर्त दरवर्षी पंचांगात छापून येतो.

आणि पैसा. सळ्यांचं काम टनावर जातं, शटरिंगचं चौरस फुटावर. मुकादमाला टनाचा भाव मिळतो. दर चार पावलांना हुक काढा-लावा केलं की दिवसाचं काम घटतं, आणि ते घटलेलं कोणाच्या खिशातून जातं ते सांगायला नको. माणूस वेडा नसतो. तो हिशेब करतो, आणि त्याचा हिशेब आपणच मांडून दिलेला असतो. टेंडरमध्ये लाइफलाइन, जाळी, कठडा, शिकवणीचे तास हे सगळं 'दरात समाविष्ट' म्हणून एका ओळीत उरकतात. ज्याने हे खरोखर धरलं त्याचा भाव चढतो आणि काम दुसऱ्याला जातं. माझं म्हणणं, याची वेगळी ओळ हवी, सिमेंटसारखी, आणि तिच्यावर घासाघीस नको. बैठकांमध्ये हे मी इतक्यांदा बोलले आहे की माझी पाळी आली की लोक चहा मागवतात.

कायदा नाही असं नाही. बांधकाम कामगारांचा कायदा 1996 पासून होता. त्यात 500 कामगार असले की सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, त्यात बांधकामासाठी हा आकडा 250 वर आला आहे. चांगलंच आहे. पण वासणा-भायली रोडला, गोत्रीला ज्या सात-सात मजली इमारती उठताहेत, तिथे एका वेळी चाळीस माणसं असतात. तिथे मी नाही, माझ्यासारखी कोणी नाही. असतो तो मुकादम, आणि बांबूची परांची. तुमच्या फ्लॅटचं काम बघायला जाल तेव्हा टाइल्स बघाच, पण लिफ्टच्या उघड्या खड्ड्यासमोर आडवी फळी तरी आहे का, तेही बघा.

बायकांचं राहिलंच. बेल्ट बेतलाय पँट घालणाऱ्याच्या मापाने. आमच्या बायका घाघरा नाहीतर साडी नेसतात आणि वरून नवऱ्याचा शर्ट घालतात. मांडीचे पट्टे लावले की घाघऱ्याचा बोळा होतो, चालताही येत नाही, आणि लाज वाटते ती वेगळीच. त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांना बेल्ट द्यायचाच नाही, 'बायका उंचीवर जात नाहीत' असं लिहायचं, आणि स्लॅबच्या कडेला झाडायला पाठवायचं, अशी पद्धत होती. तोडगा दाहोदच्या एका बाईनेच काढला. घाघऱ्याच्या आत नवऱ्याची ट्रॅकपँट घातली, घाघरा कमरेला खोचला, आणि पट्टे बांधून समोर उभी राहिली. आठवड्याभरात आणखी सहा जणींनी तसंच केलं. मी कंपनीकडे ट्रॅकपँटींचं बिल लावलं, ते 'कापडखर्च' म्हणून परत आलं.

हीच बाई एका सकाळी स्लॅब भरण्याआधी सळ्यांखालचा कचरा वेचायला वर गेली आणि कडेला जाऊन थांबली. वरूनच हाक मारली, "बेन, हूक क्यां भरावुं?" ताई, हुक कुठे अडकवू? मी वर बघितलं, साइट इंजिनिअरने वर बघितलं. त्या बाजूची लाइफलाइन आदल्या दिवशी कोणीतरी सोडून नेली होती. काँक्रीटचा पंप लावलेला, खाली दोन मिक्सर ड्रम फिरवत उभे. आणि ती कडेवरून मागे सरकून मधोमध बसली, बाकीच्या बायकाही बसल्या.

लाइन ताणून होईपर्यंत पाऊण तास गेला. आधीच उशिरा आलेल्या एका मिक्सरमधलं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं म्हणून तो परत पाठवावा लागला, आणि त्याचे पैसे कोणी भरायचे यावरून पुढे तीन आठवडे पत्रापत्री चालली.