मॅडम, रीडिंगमध्ये स्कोअर का अडकतो?

‘गणितात साडेसातशेच्या पुढे जातो हो, पण इंग्रजीत पाचशे साठ-सत्तरच्या वर सरकत नाही. काय वाचायला देऊ त्याला?’ फोन नाशिकच्या गंगापूर रोडवरून येवो की इंदिरानगरमधून, प्रश्न हाच असतो. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते. परीक्षा म्हणजे एसएटी, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठी देतात ती. आणि अडचण तिच्या ‘रीडिंग अँड रायटिंग’ या भागाची.

काय वाचायला द्यावं हे नंतर बघू. आपल्या मुलांना वाचता येतं. पण पॅसेजमध्ये जे लिहिलेलं असतं त्यात ती स्वतःच्या पदरचं घालतात, आणि मार्क तिथेच जातात.

आधी परीक्षेचं स्वरूप सांगते, कारण बऱ्याच पालकांच्या डोक्यात अजून जुनी कागदावरची परीक्षा आहे. अमेरिकेबाहेर मार्च २०२३पासून ती लॅपटॉपवर, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये होते. या भागात ६४ मिनिटांत ५४ प्रश्न असतात, दोन मॉड्यूलमध्ये विभागलेले: प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. पानभर लांबीचे उतारे गेले. आता पॅसेज २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. पहिलं मॉड्यूल कसं सोडवलं त्यावरून दुसरं सोपं येणार की अवघड, हे ठरतं. सोपं आलं तर स्कोअर फार वर जाऊ शकत नाही. म्हणून ‘सुरुवातीला जरा सेट होऊ दे’ हा आपल्या मुलांचा आवडता बेत इथे महागात पडतो.

आता ते पदरचं घालणं. समजा पॅसेज असा आहे: एका संशोधिकेने टेकडीवरच्या काही द्राक्षबागांत ओळींमधलं गवत राहू दिलं, काही बागांत काढून टाकलं. पावसाळ्यानंतर पाहिलं तर गवत ठेवलेल्या बागांतून माती कमी वाहून गेली होती. गवताच्या मुळांनी माती धरून ठेवली, असं तिचं म्हणणं. प्रश्न येतो, कोणत्या निरीक्षणाने या म्हणण्याला बळकटी मिळेल? पर्याय चार. गवताच्या बागांत रोग जास्त पडला. गवत ठेवलेल्या बागांचा चढ मुळातच कमी होता. जिथे मुळं सर्वांत दाट, तिथे माती सर्वांत कमी वाहिली. गवत काढायला मजुरी लागते.

माझ्याकडे निफाडचा एक मुलगा होता, घरची बाग. त्याने डोळे झाकून रोगाचा पर्याय निवडला. वर मलाच सांगितलं, ‘मॅडम, गवत ठेवलं की फवारणीचा खर्च वाढतो, आमच्या पप्पांना विचारा.’ बागेपुरतं पप्पांचं खरं. पण संशोधिका रोगाबद्दल काही बोललेलीच नाही. जास्त फसवा पर्याय चढाचा आहे. त्यात बागही आहे, मातीही आहे, म्हणून तो जवळचा वाटतो. प्रत्यक्षात तो म्हणणं खोडून काढतो: माती मुळांमुळे नाही, सपाटीमुळे टिकली असेल. बरोबर उत्तर मुळांच्या दाटीचं. म्हणून माझ्याकडे सक्तीच आहे. पर्याय बघायच्या आधी ‘हिचं म्हणणं काय?’ याचं एका ओळीत उत्तर द्यायचं, मराठीत दिलं तरी चालेल. मग प्रत्येक पर्यायाला विचारायचं, तू या ओळीबद्दल बोलतोयस का?

दुसरी खोड शाळेतून येते. गोष्ट संपली की तात्पर्य काढायची आपल्याला लहानपणापासून सवय. मग पॅसेजचा मुख्य मुद्दा विचारला की मुलं चार पर्यायांतला सर्वांत भारदस्त उचलतात. पॅसेज एका बेटावरच्या एका जातीच्या पक्ष्याबद्दल असतो आणि उत्तर ‘निसर्गात सहजीवन महत्त्वाचं असतं’! एका पक्ष्याबद्दल लिहिलं असेल तर उत्तरही एका पक्ष्याबद्दलचंच हवं. ‘नेहमी’, ‘सर्व’, ‘सिद्ध झालं’ असे शब्द पर्यायात दिसले तर पॅसेजमध्ये त्यांना आधार आहे का ते तपासायचं. बहुतेकदा नसतो.

शब्दांच्या याद्या पाठ करण्यावर माझा फारसा विश्वास नाही. मॉड्यूलची सुरुवात गाळलेल्या जागी शब्द भरण्याने होते हे खरं. पण तिथेही पॅसेजमध्ये धागा दिलेला असतो: एखादं ‘बट’, एखादं ‘ऑल्दो’, कोलननंतरचं स्पष्टीकरण. पर्याय हाताने झाकायचे, रिकाम्या जागी आपला साधा शब्द घालायचा, मग पर्याय उघडायचे.

व्याकरणावर मात्र मी पालकांच्या दुप्पट जोर देते. या भागातले साधारण पाव प्रश्न व्याकरण आणि विरामचिन्हांचे असतात आणि स्कोअर सर्वांत लवकर तिथेच वाढतो, कारण नियम मोजके आहेत. ‘पाऊस थांबला, आम्ही निघालो’ असं आपण सर्रास लिहितो आणि कोणाचं काही बिघडत नाही. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की चूक. तिथे पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा किंवा ‘अँड’सारखा शब्द सोबत हवा. अर्धविराम असला तर सहसा दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य लागतं. कोलन असला तर निदान त्याच्या आधीचं वाक्य पूर्ण लागतं. एवढं पक्कं झालं तरी बरेच प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतात.

कर्ता-क्रियापदाचा सापळाही ठरलेला आहे. ‘निर्यातीसाठी निवडलेल्या द्राक्षांची पेटी ट्रकमध्ये चढली’ या वाक्यात आपण ‘चढली’ बिनचूक म्हणतो, कारण चढली ती पेटी. इंग्रजी वाक्यात मात्र कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये असाच लांबलचक मजकूर आला की मुलं जवळचं अनेकवचन पाहून क्रियापदही अनेकवचनी करतात. मधला मजकूर मनातल्या मनात खोडायचा, पेटी शोधायची.

उरलेलं पटकन सांगते. जोडशब्दांच्या प्रश्नात आधी दोन वाक्यांचं नातं ठरवायचं: विरोध, परिणाम की उदाहरण. ‘देअरफोर’ आणि ‘कॉन्सिक्वेंटली’ दोन्ही पर्यायांत असले तर दोन्ही बाद, कारण दोन उत्तरं बरोबर असू शकत नाहीत. शेवटी टिपणांवरचे प्रश्न येतात. तिथे टिपणं वाचत बसायचं नाही, आधी प्रश्नातला हेतू वाचायचा. चारही पर्यायांतली माहिती खरी असू शकते. फरक दाखवायला सांगितलं असेल तर फरक दाखवणारा पर्याय उचलायचा.

वेळेचं म्हणाल तर एका प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षा थोडं कमी मिळतं. एखादी जुनी कविता किंवा एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीचा तुकडा अंगावर आला तर खूण करून पुढे जायचं, व्याकरणात वाचवलेली मिनिटं घेऊन परत यायचं. आणि प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईई मेनमध्ये चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, त्या धाकाने आपली मुलं इथेही जागा रिकामी ठेवतात. एसएटीत निगेटिव्ह मार्किंग नाही.

सरावासाठी ब्लूबुकमधल्या पूर्ण चाचण्या आणि खान अकॅडमी ही वेबसाइट, दोन्ही फुकट आहेत. त्या आधी संपवा, जाडजूड पुस्तकांवर पैसे नंतर घाला. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवायला लावा, पण त्यात ‘सिली मिस्टेक’ हा शब्द लिहायला बंदी. चुकीचा पर्याय का आवडला, ते लिहायचं. त्या निफाडच्या मुलाच्या वहीत पहिल्या महिन्यात ‘मला माहीत होतं म्हणून’ हे कारण ओळीने सापडायचं.

आणि वाचनाचं? सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्यावं का, असंही तुम्ही विचारलं होतंत. जरूर घ्या, १८४०पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे. पण तीन महिन्यांवर आलेल्या परीक्षेसाठी म्हणून नको. या तीन महिन्यांत रोज विज्ञानावरचा एखादा इंग्रजी परिच्छेद वाचून ‘म्हणणं काय आणि आधार काय’ एवढं सांगितलं तरी पुरे.

क्लास लावायच्या आधी मात्र कॉलेजांची यादी करा. अमेरिकेतल्या एमआयटी, डार्टमथ या विद्यापीठांनी मधल्या काळात सैल केलेली स्कोअरची अट पुन्हा घातली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये प्रवेशाचा निर्णय घेताना हा स्कोअर बघतच नाहीत. सगळी यादी तशीच निघाली, तर मला फोन करायची गरजच नाही.